जुन्या इंग्रजी मजकुरातले ‘स्टील’ म्हणजे नेमकी कोणती वस्तू?

प्रश्न असा आहे: सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी पत्रे, मालमत्तेच्या याद्या आणि कथा मराठीत आणताना ‘स्टील’ हा शब्द नाना जागी भेटतो. कोणाच्या खिशात फ्लिंट आणि स्टील असते, खाटकाच्या कमरेला स्टील लटकते, कुऱ्हाड ‘स्टील करायला’ लोहाराकडे जाते, पटाशीवर ‘कास्ट स्टील’ असा छाप असतो, आणि फिकट पडलेल्या मुलीला डॉक्टर स्टील घ्यायला सांगतात. सगळीकडे ‘पोलाद’ लिहिले तर चालेल का?

चालणार नाही. आज पोलाद म्हटले की सळ्या, रूळ, पूल डोळ्यांसमोर येतात. १८५६ मध्ये स्वस्त पोलादाची रीत आली; त्याआधीच्या इंग्लंडमध्ये पोलाद ही थोडीथोडी वापरायची महाग वस्तू होती. वस्तूचा मोठा भाग घडीव लोखंडाचा असायचा आणि जिथे खरे काम व्हायचे, म्हणजे जिथे धार हवी, ठिणगी हवी किंवा वाकून परत सरळ होणारा ताण हवा, तेवढ्याच जागी पोलाद असायचे. त्यामुळे वाक्यात ‘स्टील’ दिसले की ते तिथे काय काम करते आहे हे आधी बघावे. काम कळले की वस्तू कळते, आणि वस्तू कळली की मराठी शब्द सापडतो.

थोडी पार्श्वभूमी लागेल. घडीव लोखंडात कार्बन जवळजवळ नसतो, ०.१ टक्क्याहूनही कमी; शिवाय त्यात मळीचे, म्हणजे लोखंड गाळताना मागे राहिलेल्या काचेसारख्या घाणीचे, बारीक धागे असतात. ते चिवट असते, घणाखाली सहज वाकते, पण तापवून पाण्यात बुडवले तरी कडक होत नाही. बिडात कार्बन ३ टक्क्यांच्या आसपास किंवा वर असतो. ते ओतता येते, ठोकता येत नाही. या दोघांच्या मधले, हत्यारांसाठी साधारण ०.७ ते १.४ टक्के कार्बनचे, ते पोलाद. लालबुंद करून पाण्यात बुडवल्यावर काचेवर ओरखडा काढण्याइतके कडक होणे हा त्याचा गुण, आणि जुन्या इंग्रजीतल्या ‘स्टील’च्या बहुतेक अर्थांचे मूळ या एका गुणात आहे.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ते किती जपून विकले जाई हे मापावरून कळते. लोखंड वजनावर जाई, पोलाद मात्र ‘गॅड’ म्हणजे छोट्या कांड्यांच्या हिशेबात, आणि अशा ३० कांड्यांची एक ‘शीफ’, म्हणजे पेंढी. जमीनदारांच्या जुन्या हिशेबवह्यांत नांगराच्या फाळासाठी घेतलेल्या पोलादाची वेगळी नोंद सापडते, ती यामुळेच. तिथे ‘पोलादाच्या कांड्या’ लिहावे. ‘पोलादी सळ्या’ लिहिले तर वाचकाला बांधकामाचा माल आठवेल.

आता कुऱ्हाड ‘स्टील करणे’. हे क्रियापद आज इंग्रजीत मन घट्ट करण्यासाठीच उरले आहे, पण जुन्या कारागिरांच्या लेखनात त्याचा अर्थ अगदी शब्दशः आहे: लोखंडी हत्याराच्या धारेला पोलादाची पट्टी तापवून, ठोकून जोडणे. आपल्याकडे लोहार विळ्याला, कुऱ्हाडीला पोलाद घालतात तेच हे काम, म्हणून अनुवादात ‘पोलाद घालणे’ बिनधास्त वापरावे.

काम असे चाले. लोखंडाची पट्टी दांड्याच्या भोकासाठी दुमडायची, तिची दोन्ही टोके जिथे एकत्र येतात तिथे छिन्नीने चीर पाडायची आणि चिरेत पाचरीसारखा घडवलेला पोलादाचा तुकडा बसवायचा. मग भट्टीत सगळे पांढरट पिवळे होईपर्यंत तापवायचे, जोडावर वाळू किंवा टाकणखार टाकायचा आणि ऐरणीवर घेऊन आधी हलके, मग जोरात ठोकायचे. वाळू किंवा टाकणखार वितळून पृष्ठभागावरचा गंज-खवला पातळ करतो आणि ठोके पडताच तो बाहेर उडतो. स्वच्छ धातूला स्वच्छ धातू भिडतो.

चूक नेमकी तापमानात होते. घडीव लोखंडाला जोडासाठी १३०० अंश सेल्सियसच्या आसपासचा ताव चांगला मानवतो, पण एक-सव्वा टक्का कार्बनचे पोलाद तेवढ्या तावाच्या जवळ आले की जळू लागते. भट्टीतून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या म्हणजे पोलाद गेले. ते कणीदार होते, ठोकताच चुरते आणि कितीही पाणी दिले तरी सुधारत नाही. तेवढा तुकडा कापून टाकावा लागतो. उलट ताव कमी पडला तर वरून जोड दिसतो, आत पोकळी राहते आणि पहिल्याच गाठाळ लाकडावर पाते उकलते. म्हणून पोलादाच्या बाजूला ताव जरा कमी ठेवतात आणि टाकणखार वापरतात, कारण तो वाळूपेक्षा बराच कमी तापमानाला वितळतो.

धार झिजून पोलाद संपले की कुऱ्हाड फेकत नसत, पुन्हा पोलाद घालून घेत. यादीत ‘नव्याने स्टील केलेली जुनी कुऱ्हाड’ असेल तर ती मोडकी वस्तू नाही, चांगली कामाची आहे. तुमच्यापुढे प्रत्यक्ष हत्यार असेल तर खात्री करणे सोपे आहे. धारेजवळचा इंचभर भाग बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा, तेलकटपणा काढा आणि व्हिनेगरचा बोळा अर्धा तास लावून ठेवा. पोलाद काळपट होते, लोखंड उजळ राहते आणि त्यात लाकडासारखे धागे दिसतात. मधली रेघ म्हणजे जोड.

‘फ्लिंट आणि स्टील’ ही जोडी सर्वांत जास्त वेळा भेटते. फ्लिंट म्हणजे गार, आणि इथे स्टील म्हणजे मुठीत धरायचा, इंग्रजी सी किंवा बी अक्षराच्या आकाराचा पोलादी तुकडा. मराठीत चकमक हा शब्द गारेसाठीही चालतो आणि सगळ्या साहित्यासाठीही, त्यामुळे मी ‘गार आणि चकमकीचे पोलाद’ असे लिहीन. एक गैरसमज दूर करतो: ठिणगी दगडातून निघत नाही. गारेची धारदार कड पोलादाचा केसाहून बारीक छिलका काढते. तो छिलका घर्षणाने तापलेला असतो आणि इतका लहान असतो की हवेतल्या ऑक्सिजनने उडता उडता पेटतो. आपल्याला दिसते ते जळणारे लोखंड. म्हणूनच मऊ लोखंडावर गार घासून उपयोग नाही. ते दबते, चोपडते, छिलका सोडत नाही. पोलाद पूर्ण कडक हवे, जवळपास कानशीइतके.

नुसत्या ठिणगीने काही पेटत नाही, म्हणून इंग्रजी घरात चुलीजवळ टिंडरबॉक्स असे, म्हणजे विस्तवाची डबी. पत्र्याची गोल डबी, आत सैल बसणारे एक झाकण, आणि बऱ्याचदा वरच्या झाकणावर मेणबत्ती बसवायची खोबण. डबीच्या तळाशी जळका कपडा असे: जुन्या तागाच्या कापडाची चिंधी पेटवायची, ज्योत पडत आली की झाकण दाबून हवा तोडायची, म्हणजे राख न होता काळी चिंधी उरते. पोलाद डाव्या मुठीत डबीवर उभे धरायचे आणि उजव्या हातातल्या गारेने त्यावरून खाली सपकारे मारायचे. एखादी ठिणगी चिंधीवर पडून लाल ठिपका पसरू लागला की हळू फुंकर घालायची आणि गंधकात बुडवलेली लाकडाची पातळ काडी त्याला लावायची. गंधक साधारण २५० अंशांना पेट घेतो, म्हणून ज्योत नसली तरी नुसता निखारा पुरतो. काडी पेटली की मेणबत्ती, आणि आतले झाकण टाकून चिंधी विझवायची, नाहीतर उद्यासाठी काही उरत नाही.

जुन्या कथेत कोणी अंधारात ‘स्टीलवर मारत राहिला’ आणि दिवा लागेना, तर दोष बहुधा चिंधीचा. ती हवेतला दमटपणा लगेच ओढते. दुसरे कारण गारेची बोथट कड. तिसरे कारण कमी ओळखीचे आहे: पोलाद कधी विस्तवात पडून मऊ झालेले असते. असा तुकडा पुन्हा कामाला आणता येतो. चुंबक चिकटेनासा होईपर्यंत तापवा (साधारण ७७० अंश), त्याहून किंचित वर न्या आणि पाण्यात बुडवून हलवत राहा. हलवले नाही तर भोवती वाफेचे आवरण बसते आणि मधे मऊ डाग राहतात. फार तापवले तर कण जाड होतात आणि तुकडा पाण्यातच तडकतो. जॉन वॉकरने १८२७ मध्ये स्टॉकटन-ऑन-टीस इथे घासून पेटणाऱ्या काड्या विकायला सुरुवात केली, आणि पुढच्या काही दशकांत ही सगळी सामग्री घराघरांतून हटली. मजकुराचा काळ ठरवायला ही खूण उपयोगी पडते.

हेच तत्त्व चकमकीच्या बंदुकीत आहे. घोड्याच्या जबड्यातली गार समोरच्या उभ्या पट्टीवर आपटते आणि ठिणग्या खाली रंजकावर, म्हणजे पेटवणीच्या दारूवर, पडतात. त्या पट्टीला इंग्रज बंदूकवाले कधी ‘स्टील’ म्हणत, कधी ‘हॅमर’. आणि या हॅमरने फार गोंधळ होतो, कारण आपण लगेच घोडा लिहून मोकळे होतो. घोडा म्हणजे त्यांचा ‘कॉक’. दुरुस्तीच्या बिलात ‘हॅमरला नवे स्टील’ असेल तर झिजलेल्या पट्टीच्या तोंडावर नवे पोलाद चढवले, इतकाच अर्थ.

खाटकाचे स्टील ही दांडी असते, धार लावण्याची म्हणण्यापेक्षा धार सरळ करण्याची. सुरीची धार वापराने आधी झिजत नाही, एका बाजूला कलते. दांडी सुरीपेक्षा कडक असते, तिच्यावर लांबीच्या दिशेने बारीक रेषा असतात, आणि सुरी १५ ते २० अंशांच्या कोनात, हलक्या हाताने, दोन्ही बाजूंनी पाच-सहा वेळा ओढली की कललेली धार उभी राहते. जोर लावला तर धार उलट बाजूला कलते. धार गोल झाली असेल तर दांडीने काहीच होत नाही, निसणाच लागतो. म्हणून या स्टीलला ‘निसणा’ किंवा ‘कानस’ म्हणू नये, दोघांचे काम धातू काढण्याचे. ‘धारेची दांडी’ बरे.

आता छापाचे शब्द, आणि इथे जरा थांबायला हवे, कारण अनुवादात सर्वांत जास्त चुका इथेच होतात. शेफील्ड या इंग्लंडमधल्या पोलादाच्या शहरात झालेल्या हत्यारांवर आणि दुकानांच्या याद्यांत तीन नावे दिसतात: ‘ब्लिस्टर’, ‘शिअर’ आणि ‘कास्ट’.

ब्लिस्टर हा कच्चा माल. स्वीडनहून आलेल्या घडीव लोखंडाच्या पट्ट्या, शक्यतो डॅनेमोराच्या खनिजाच्या, कारण त्यात फॉस्फरस फार कमी. त्या वाळूच्या दगडाच्या लांब पेट्यांत लाकडी कोळशाच्या भुकटीबरोबर थर देऊन रचायच्या. वरून पेटी बंद करायला शेफील्डमध्ये सहाणेच्या चाकांखाली साठणारा गाळ लिंपत. तापला की तो काचेसारखा घट्ट बसे आणि आत हवा जात नसे. एका भट्टीत दोन पेट्या. आठवडाभर १०५० ते ११०० अंशांवर धग द्यायची, आणि गार व्हायला जवळपास तेवढाच काळ. मधेच एका भोकातून नमुन्याची पट्टी ओढून, मोडून आतला कण बघत. कार्बन पट्टीच्या पृष्ठभागातून आत मुरत जातो, आणि वाटेत मळीतल्या ऑक्सिजनशी जुळून वायू तयार होतो. त्या वायूने पट्टीवर फोड येतात. नाव त्या फोडांचे. शेफील्डच्या डॉनकॅस्टर स्ट्रीटवर १८४८ ची अशी एक भट्टी बाटलीसारख्या धुराड्यासह अजून उभी आहे, आणि डरहॅम परगण्यात डर्वेंटकोटला तिच्याहून शतकभर जुनी.

पट्टी मोडून पाहिली की तिची अडचण समजते: कडेला कार्बन भरपूर, गाभ्यात कमी. धारेसाठी असा माल बेभरवशाचा. म्हणून पट्ट्यांचे तुकडे एकावर एक रचून, तापवून, ठोकून एक करायचे आणि लांबवायचे. हे शिअर स्टील. पुन्हा मोडून, रचून, ठोकले की डबल शिअर. नाव लोकरी कापडाची लव कापायच्या मोठ्या कात्र्यांवरून पडले, म्हणून ‘कापलेले पोलाद’ हा अनुवाद चुकीचा. ‘घडीचे पोलाद’ म्हटले तर निदान कृती तरी बरोबर कळते. जेवणाच्या चांगल्या सुऱ्यांना हे बराच काळ पसंत होते, कारण ते चिवट असते आणि लोखंडाला सहज जोडले जाते.

कास्ट स्टील ही बेंजामिन हंट्समनची कामगिरी. तो डॉनकॅस्टरचा घड्याळजी. स्प्रिंगा आणि लंबकांसाठी त्याला सर्वत्र सारखे पोलाद हवे होते. १७४० च्या दशकात शेफील्डजवळ त्याने ब्लिस्टर पोलादाचे तुकडे मातीच्या बंद मुशीत कोकच्या धगीवर, १५५० अंशांच्या वर, पूर्ण वितळवले. वितळले की कार्बन सारखा पसरतो आणि मळी वर तरंगते. मुशीची माती कामगार अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवत, कारण आत खडा किंवा हवेचा बुडबुडा राहिला तर मूस भट्टीतच फुटे आणि माल जाळीतून खाली जाई. एक मूस साधारण तीन वितळणी टिके. पोलाद वितळल्यावर लगेच ओतत नसत. उकळी थांबेपर्यंत अर्धा तास तसेच ठेवत, नाहीतर लगड आतून मधाच्या पोळ्यासारखी सच्छिद्र निघे. शेफील्डच्या सुरीवाल्यांना आधी ते फार कडक वाटले, त्यांनी घेतले नाही. फ्रेंचांनी घेतले, आणि मग शेफील्डचे डोळे उघडले.

इथला सापळा असा की ‘ओतीव पोलाद’ वाचून वाचकाला साच्यात ओतलेली पटाशी वाटते. ओतली जाई ती फक्त लगड. पुढे ती ठोकून पट्टी होई, आणि जुन्या पटाशीवर ‘कास्ट स्टील’ असले तरी बऱ्याचदा पोलाद फक्त चपट्या पाठीच्या बाजूला असते, बाकी अंग लोखंडाचेच. रंध्याच्या पात्याचेही तसेच. ‘मुशीचे पोलाद’ हा शब्द मला सर्वांत नेमका वाटतो. त्याने दख्खनच्या पोलादाशी असलेले नातेही उघड होते: तेलंगणातल्या कोनसमुद्रमसारख्या गावांत हंट्समनच्या आधी कितीतरी शतके बंद मुशीत पोलाद होत असे. इंग्रजीत त्याला ‘वुट्झ’ म्हणत. जॉर्ज पिअर्सनने १७९५ मध्ये रॉयल सोसायटीसमोर त्यावर निबंध वाचला. त्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास, म्हणून इंग्रज लोहारांनी नेहमीच्या तावाने तापवले की ते घणाखाली चुरे. तेवढ्यावरून माल वाईट ठरवणारे शेरे जुन्या इंग्रजीत भेटतात. दोष तावाचा होता.

तलवारीसाठी नुसते ‘स्टील’ आले, किंवा ‘कोल्ड स्टील’ म्हणजे गोळीबाराऐवजी संगीन-तलवार, तर मराठीत सरळ हत्यार लिहावे. ‘थंड पोलाद’ कोणालाच कळणार नाही.

‘ब्ल्यू स्टील’ हा रंग लावलेला नसतो. पाणी दिलेले पोलाद ठिसूळ असते, म्हणून ते घासून चकचकीत करून पुन्हा हलके तापवतात. तेव्हा वर रंग चढत जातात: २२०-२३० अंशांना फिका पिवळा, वस्तऱ्यासाठी, २४० ला गवती, धातूकामाच्या हत्यारांना, २७०-२८० ला जांभळा, ३०० च्या जवळ निळा, स्प्रिंगा आणि करवतींसाठी. निळे म्हणजे लवचीक, असा अर्थ वाचकापर्यंत पोचायला हवा.

या निळ्या पोलादाच्या पट्ट्या पुढे कपड्यांत गेल्या. अनेकवचनी ‘स्टील्स’ आणि संदर्भ बाईच्या पोशाखाचा असेल तर त्या चोळीसारख्या घट्ट अंगवस्त्रातल्या किंवा १८५६ नंतरच्या फुगीर घागऱ्याच्या सांगाड्यातल्या पट्ट्या. कापडी पट्टीत गुंडाळलेल्या असत, तरी घामाने गंजत आणि टोक कापड फाडून टोचे. ‘कट स्टील’ मात्र दागिन्यांचा प्रकार आहे: वुडस्टॉक आणि बर्मिंगहॅममध्ये हिऱ्यासारखे पैलू पाडलेले पोलादी खिळे पट्टीवर ठोकून बकला, बटणे, तलवारीच्या मुठी करत. आणि ‘स्टील पेन’ म्हणजे आपला टाक. बर्मिंगहॅमची निबे हिंदुस्थानातही येत, त्यामुळे तिथे वेगळा शब्द शोधायची गरज नाही.

औषधातले स्टील हे पोलाद नाहीच. रक्तक्षयाने फिकट पडलेल्या मुलींना सतराव्या शतकात टॉमस सिडनहॅम या इंग्रज डॉक्टरने लोखंडाचा कीस गार वाइनमध्ये भिजवून द्यायला सांगितले, आणि तेव्हापासून ‘स्टील’, ‘स्टील वाइन’, ‘स्टीलचे थेंब’ ही लोहयुक्त औषधांची नावे झाली. ‘लोहाचे औषध’ किंवा ‘लोहासव’ लिहा; दुसरा शब्द आपल्याकडच्या विशिष्ट आयुर्वेदिक आसवाचा आहे, म्हणून तळटीप असेल तरच. सोबत ‘पोट साफ ठेवावे’ अशी सूचना असली तर नवल नाही, लोहाने मलावरोध होतो.

दोन ठिकाणी मात्र पोलादाचा काडीचाही संबंध नाही. लंडनचे ‘स्टीलयार्ड’ हे हान्सा, म्हणजे उत्तर जर्मन शहरांच्या व्यापारी संघाच्या, व्यापाऱ्यांचे थेम्सकाठचे ठाणे, आज तिथे कॅनन स्ट्रीट स्टेशन आहे. नाव जर्मन मूळ शब्दाचे, नमुने ठेवायच्या आवाराचे. एका बाजूला वजन सरकवायच्या तराजूलाही स्टीलयार्ड म्हणत. आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या लंडनमधला चोर ‘स्टील’मध्ये गेला असेल तर तो कोल्डबाथ फील्ड्सच्या तुरुंगात गेला, पॅरिसच्या बास्तील तुरुंगावरून पडलेले ते त्याचे टोपणनाव.

शेवटी काळाची रेघ. हेन्री बेसेमरने १८५६ मध्ये वितळलेल्या बिडातून हवा फुंकून स्वस्त पोलाद काढायची रीत मांडली आणि ‘माइल्ड स्टील’ आले. त्यात कार्बन इतका कमी की जुन्या कारागिराच्या व्याख्येने ते पोलादच नव्हे, कारण पाणी देऊन ते कडक होत नाही. स्कॉटलंडमधला १८९० चा फोर्थचा पूल पोलादाचा आहे, त्याच्या आदल्या वर्षीचा आयफेल टॉवर घडीव लोखंडाचा. तेव्हा १८८० च्या पुढच्या मजकुरात जहाज, रूळ, पूल असेल तर आजचे ‘पोलाद’ निर्धास्त लिहा. त्याच मजकुरात वस्तरा, कानस किंवा रंधा आला तर मात्र तिथले पोलाद अजून मुशीतलेच असण्याची शक्यता जास्त.